गवत कोणी पेरले होते?

वाशिमहून मानोऱ्याकडे आणि तिथून पुढे दिग्रस-पुसदच्या बाजूला एसटीने जाताना रस्त्यावरच्या पाट्या वाचत जायची मला जुनी सवय आहे. काही गावांच्या नावामागे 'बुद्रुक' असते, काहींच्या मागे 'खुर्द'. पण आपल्या या भागात आणखी एक शब्द गावांच्या नावाला चिकटलेला दिसतो. तो म्हणजे 'इजारा'. गावातल्या माणसाला विचारावे, "इजारा म्हणजे काय हो?" तर तो हसून सांगतो, "काय माहीत भाऊ, कागदावर तसंच हाय."

तो खरेच बोलतो. हा शब्द कागदावरूनच गावात आला. इजारा म्हणजे मक्ता. ठराविक रक्कम सरकारात भरायची आणि गावाचा वसूल आपण करायचा. शब्द अरबी आहे. आपल्या महसुलाचे बहुतेक शब्द त्याच वाटेने आलेले आहेत : महसूल, तहसील, वसूल, रयत, बाकी, जप्ती, किस्त. याउलट माती, पाणी, मीठ, गवत, भाकर हे शब्द पाहा. ते चुलीपाशी आणि बांधावर वाढलेले. कविता लिहिणाऱ्या माणसाला या दोन रांगांमधले अंतर जाणवल्याशिवाय राहत नाही. आज मी ज्याबद्दल बोलणार आहे ती गोष्ट याच अंतराची आहे. वरून आलेल्या शब्दांनी आधी मातीवर हात ठेवला, मग मिठावर, मग गवतावर. गवतापर्यंत हात पोचला तेव्हा वऱ्हाडातला साधा माणूस विळा घेऊन उभा राहिला. ते साल होते १९३०.

सुरुवात बरीच मागे जाऊन करावी लागेल. वाशिम हे महसुलाच्या कागदांवरचे फार जुने नाव. अकबराच्या काळातल्या 'ऐन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये वाशिम सरकार आहे. पुढे १७२४ साली आजच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला निजाम-उल-मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला आणि दख्खनमध्ये आपला अंमल बसवला. पण वऱ्हाडात तो एकटा नव्हता. नागपूरकर भोसल्यांचाही वसूल होताच. याला लोक 'दो-अमली' म्हणत. एका शेताच्या पिकाकडे दोन राज्यांचे डोळे. एकाचा माणूस गेला की दुसऱ्याचा यायचा.

१८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धानंतर भोसल्यांचा वाटा सुटला आणि बहुतेक वऱ्हाड निजामाकडे आला. रयतेला वाटले असेल, आता एकच धनी झाला, सुख लागेल. तसे झाले नाही. हैदराबादची तिजोरी रिकामी होती. दिवाण चंदुलालच्या काळात वसुलाचे मक्ते सावकारांना देण्याचा सपाटा लागला. जो जास्त बोली बोलेल त्याला मुलूख. पामर कंपनीने निजामाला जबर व्याजाने कर्जे दिली. १८३० नंतरच्या दशकात वऱ्हाडचा वसूल पूरणमल या सावकाराकडे होता. मग तो पेस्तनजी आणि विकाजी या पारशी पेढीवाल्यांकडे गेला. त्यांच्या नावाचा 'पेस्तनशाही' रुपया औरंगाबादच्या टांकसाळीत पडत असे, यावरून त्यांचे वजन लक्षात येईल. पण १८४५ मध्ये त्यांच्याकडूनही मुलूख काढून घेतला गेला आणि ती बलाढ्य पेढी बसली.

ज्याला आपला मक्ता पुढच्या साली राहील की नाही याची खात्री नाही, तो विहीर खोदेल का? तळे बांधेल का? तो या सालातच जेवढे निघेल तेवढे काढणार. 'इजारा' हा शब्द अरबीत 'अज्र' या मुळापासून येतो. अज्र म्हणजे केलेल्या कामाचा मोबदला. आमच्या घरात कुणी सत्कृत्य केले की वडीलधारी माणसे म्हणत, "अल्ला अज्र देगा." त्याच मुळाच्या शब्दाला आमच्या मुलखात काय अर्थ आला पाहा. काम एकाचे आणि मोबदला दुसऱ्याचा.

इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगतो. माझे नाव ऐकल्यावर काही जण सहज, कुठलाही वाईट हेतू न ठेवता म्हणतात, "निजामाच्या काळात तुमचं बरं असेल." मला राग येत नाही. मी त्यांना एवढेच सांगतो की जरा ही नावे ओळीने लिहून पाहा. गादीवर निजाम. दिवाण चंदुलाल. कर्ज देणारा पामर. मक्ता पूरणमलचा, मग पेस्तनजीचा. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर बसलेला कंपनीचा रेसिडेंट. घेणाऱ्या हातांमध्ये सगळे धर्म आहेत. आणि देणाऱ्यांमध्येही आहेत. हटकर, कुणबी, बंजारा, माळी, मोमीन. गावच्या खात्यात बाकी लिहिताना कुणाची जात-जमात पाहून आकडा कमी केल्याचे मला तरी कुठे आढळलेले नाही.

आता कंपनी मध्ये कशी आली ते पाहू. निजामाच्या खर्चाने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक फौज उभी करण्यात आली होती. तिला पुढे 'हैदराबाद कंटिंजंट' म्हणू लागले. तिचा एक मोठा तळ हिंगोलीला होता, म्हणजे वाशिमपासून पन्नास किलोमीटरच्या आत. याच मुलखात नोवसाजी नाईक या हटकर सरदाराने बंड केले तेव्हा १८१९ च्या जानेवारीत नोव्ह्याच्या गढीला वेढा घालून या निजामी फौजेने ते मोडले. या फौजेचा खर्च वर्षाला सुमारे चाळीस लाख रुपये होता. निजामाकडून तो वेळेवर निघेना. कंपनी आपल्या तिजोरीतून पैसे देत गेली आणि कर्ज म्हणून लिहीत गेली. कर्ज अर्ध्या कोटीच्या घरात पोचले तेव्हा गव्हर्नर जनरल डलहौसीने तगादा लावला. २१ मे १८५३ रोजी तह झाला आणि फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब कंपनीच्या ताब्यात गेले. १८६० च्या नव्या तहाने धाराशिव आणि रायचूर परत मिळाले, पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले. वऱ्हाड मात्र परत मिळाले नाही.

साध्या भाषेत सांगायचे तर आपला मुलूख गहाण पडला. कर्ज आपण काढले नव्हते, फौज आपण मागितली नव्हती. पण फेड आपल्या मातीतून व्हायची होती. आणि कायद्याने आपण कोण? मुलूख निजामाच्या मालकीचा, अंमल इंग्रजांचा. कागदोपत्री 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स'. ना धड हैदराबादचे, ना धड ब्रिटिश हिंदुस्थानचे.

इंग्रजी अमलाने काही चांगले केले, ते नाकारण्यात अर्थ नाही. मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी आली. साखळी घेऊन मोजणीवाले गावोगाव फिरले. शेताला नंबर मिळाला, प्रतवारी ठरली, सारा साधारण तीस वर्षांसाठी बांधून दिला गेला. मक्तेदाराच्या लहरीवर जगण्यापेक्षा हे नक्कीच बरे होते. लोकही परतले, पडीक जमिनी वहितीखाली आल्या. आपल्या भागातली ओसाड पडलेली गावेच्या गावे याच काळात लागवडीसाठी ठराविक मुदतीच्या करारावर देण्यात आली. ती 'इजारा गावे'. सुरुवातीला सांगितलेल्या पाट्यांवरचा शब्द तिथून आलेला आहे.

पण या व्यवस्थेला एक कोरडेपणा होता. सारा रोख पाहिजे आणि ठरल्या तारखेला पाहिजे. पाऊस कधी पडेल याची तारीख नसते, पण किस्तीची असते. रोख पैसा कुठून आणायचा? कापसातून. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला एकदम भाव आला. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. पुढे मूर्तिजापूर-कारंजा-यवतमाळ ही छोटी रेल्वेही आली, तीही कापसासाठीच. ज्वारीच्या रानात कापूस शिरला. भाव चढला तेव्हा सगळे खूष होते. युद्ध संपले, भाव उतरला. सारा मात्र उतरला नाही. मधली फट सावकाराने भरली.

ही फट किती खोल होती ते १८९९-१९०० च्या दुष्काळात कळले. जुनी माणसे त्याला 'छप्पनचा काळ' म्हणत, कारण ते संवत १९५६ होते. त्या वेळच्या वाशिम जिल्ह्यात वाशिम, मंगरूळ आणि पुसद हे तीन तालुके होते. १८९१ च्या शिरगणतीत या जिल्ह्याची लोकसंख्या चार लाखांच्या जवळपास होती. १९०१ मध्ये ती साडेतीन लाखांच्या आसपास आली. दहा वर्षांत लोकसंख्या वाढायला हवी, तिथे ती आठव्या-नवव्या हिश्श्याने घटली. लोक मेले, लोक परागंदा झाले. १९०५ मध्ये तर जिल्हाच मोडला. वाशिम आणि मंगरूळ अकोल्यात गेले, पुसद यवतमाळकडे. आपला जिल्हा पुन्हा व्हायला १ जुलै १९९८ ची वाट पाहावी लागली.

याच सुमारास वऱ्हाडच्या गहाणखताचा शेवटचा कागद झाला. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने निजामाकडून वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले. १९०३ मध्ये ते मध्य प्रांताच्या कारभाराला जोडले गेले. मग नवी तक्रार उभी राहिली. वऱ्हाडचा पैसा वऱ्हाडात खर्च होत नाही, तो नागपूर-जबलपूरकडे जातो. ही तक्रार एवढी वाढली की १९२० नंतर सिम समितीला खर्चाच्या वाटपाचे सूत्र ठरवून द्यावे लागले. पुढे १९४७ चा अकोला करार, १९५३ चा नागपूर करार आणि आपण आजही ऐकतो तो 'अनुशेष' हा शब्द, हे सगळे याच हिशेबाच्या वहीतले पुढचे पान आहे.

श्रोतेहो, इतके सगळे होऊनही वऱ्हाडात मोठा उठाव झाला नव्हता. १८५७ मध्ये हा मुलूख बऱ्यापैकी शांत होता. सारा जड होता, तरी 'जमीन सरकारची, सारा द्यायचाच' ही गोष्ट पिढ्यान् पिढ्या अंगवळणी पडलेली होती. माणूस कर देतो, कुरकुरतो, पुन्हा देतो. मग तो बिथरतो केव्हा? मला वाटते, जे कुणीच निर्माण केले नाही त्यावर कुणी मालकी सांगायला लागले, म्हणजे तो बिथरतो.

पहिले मीठ. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोल्याच्या बाजूला, खारपाण पट्टा आहे. तिथल्या विहिरींचे पाणी खारट. समुद्र शेकडो मैल दूर, पण जमिनीच्या पोटातच मीठ. सरकारी अमलात मीठ तयार करणे ही सरकारची मक्तेदारी झाली. उत्तरेत तर मिठाच्या करासाठी सिंधूपासून महानदीपर्यंत एक जकातीची रेघ आखलेली होती. कितीतरी मैल काटेरी कुंपण आणि त्यावर बारा हजारांच्या आसपास पहारेकरी. १८७९ मध्ये ती मोडली, कर मात्र राहिला. १९२३ मध्ये मणाला सव्वा रुपयाचा कर एकदम दुप्पट करण्यात आला. विधिमंडळाने नको म्हटले, तरी व्हॉइसरॉय लॉर्ड रीडिंगने आपल्या अधिकारात तो लादला. वर्षभराने खाली आणावा लागला, ती गोष्ट वेगळी. फ्रान्समध्येही १७८९ च्या राज्यक्रांतीआधी मिठावरचा कर हाच लोकांच्या मनात सलणारा काटा होता. कारण सोपे आहे. श्रीमंत आणि गरीब मीठ सारखेच खातात. उलट उन्हात राबणाऱ्याला ते जास्त लागते.

म्हणून महात्मा गांधींनी १९३० मध्ये दांडीला मूठभर मीठ उचलले तेव्हा समुद्र न पाहिलेल्या वऱ्हाडालाही ती गोष्ट समजली. एप्रिल महिन्यात अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याला लोकांनी विहिरीचे खारे पाणी काढले, चुलीवर आटवले आणि मीठ केले. दांडीचा समुद्र इथे विहिरीत होता. त्या वेळी वाशिमही अकोला जिल्ह्यातच होते.

पण पठारावर, आपल्या वाशिम-पुसदच्या बाजूला, तसे खारे पाणी नाही. आणि जून उजाडला की पाऊस. पावसात मीठ कुठे आटवणार? तेव्हा पावसानेच उत्तर दिले. रान हिरवे झाले. गवत वर आले.

या गवताची गोष्ट १८८६ पर्यंत मागे जाते. त्या वर्षी वऱ्हाडचा जंगल कायदा झाला. कुठे लाकूड राखायचे, कुठे गवत राखायचे आणि कुठे गुरे चारू द्यायची, अशी जंगलांची अ, ब, क वर्गवारी झाली. जंगल वाचवायला काही नियम हवेत, हे आज आपल्याला पटेल. आणि चराईची पट्टी जुन्या राजवटीतही घेतली जात होती, हेही खरे. पण आता नियम, पास, दंड आणि कोंडवाडा यांची एक भिंतच उभी राहिली. बंजाऱ्याचा बैल, धनगराची मेंढी, गरिबाची बकरी, सगळ्यांची मोजदाद. छपराला गवत, चुलीला काटक्या, नांगराला लाकूड, ज्या वस्तू बापजाद्यांपासून रानातून येत होत्या, त्या आता विचारून आणायच्या. न विचारता आणल्या तर गुन्हा. करापेक्षा हे जास्त लागले. पैसा देऊन माणूस गरीब होतो. चोर ठरवला की तो आतून दुखावतो.

माझ्या लहानपणी आमच्या गावात एक म्हातारे गुराखी होते. दात नव्हते, आवाज मात्र खणखणीत. इंग्रजांच्या काळातल्या जंगलाची गोष्ट निघाली की ते एकच प्रश्न विचारायचे : "गवत काय सरकारनं पेरलं व्हतं का बापा?" आम्ही पोरे हसायचो. ते थांबायचे नाहीत. "पाणी देवानं पाडलं, गवत आपसूक आलं, बैल माहा. मंग पैसा कायचा?" पुढे मी बी.ए. केले, जाडजाड पुस्तके वाचली. करपद्धतीवर याहून नेमका प्रश्न मला कुठल्या पुस्तकात सापडला नाही.

हाच प्रश्न घेऊन १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे पुसदला उभे राहिले. वणीला जन्मलेले, यवतमाळला वकिली केलेले, टिळकांच्या मुशीत घडलेले बापूजी. वय पन्नाशीला टेकलेले. कायदा कोळून प्यालेला हा माणूस पुसदजवळच्या राखीव जंगलात विळा घेऊन गेला आणि त्याने गवत कापले. सरकारने त्यांना अटक केली, शिक्षा दिली. एका वकिलाने गवत कापले, एवढीच घटना. पण खेड्यातल्या माणसाला दांडीपेक्षा ती जवळची वाटली. मीठ बाजारातून यायचे, गवत तर रोजचे होते. विळा प्रत्येक घराच्या कुडात खोचलेला होता. नवे हत्यार शोधायची गरजच नव्हती.

त्यानंतर जंगल सत्याग्रहाचे लोण पसरत गेले. वऱ्हाडात गावोगाव, मध्य प्रांतात बैतूल-शिवनीच्या आदिवासी भागात, सांगलीकडे बिळाशीला, कुलाब्यात चिरनेरला. २५ सप्टेंबर १९३० ला चिरनेरच्या अक्कादेवीच्या माळावर गोळीबार झाला, माणसे मेली. पुसदची नदी वाशिमच्या पठारावर उगम पावते. पूस नदीवरूनच पुसद हे नाव. तेव्हा हा सत्याग्रह यवतमाळ जिल्ह्यातला असला तरी पंचवीस वर्षे आधीपर्यंत ते गाव आपल्याच जिल्ह्याचे होते, हे मी थोड्या अभिमानाने सांगतो.

बारा वर्षांनी १९४२ ची ऑगस्ट क्रांती झाली. विदर्भात चिमूर, आष्टी आणि यावली ही नावे रक्ताने लिहिली गेली. इतिहासाच्या पुस्तकात क्रांती नेमकी तारीख घेऊन येते. पण तिच्या मागे अशी कितीतरी बिनतारखेची वर्षे असतात. १८५३ चे गहाणखत, मोजणीची साखळी, किस्तीची तारीख, छप्पनचा काळ, कोंडवाड्यातली बकरी. १८५३ ते १९३० ही सत्त्याहत्तर वर्षे आपले लोक गप्प होते असे नाही. ते हिशेब करत होते.

कर द्यायला लोकांची ना नव्हती आणि आजही नाही. रस्ता, शाळा, दवाखाना करातूनच उभा राहतो. प्रश्न एवढाच असतो की घेताना आम्हाला विचारले का, घेतलेले कुठे गेले, आणि जे कुणाचेच नव्हते ते तुमचे कसे झाले? हे तीन प्रश्न कोणत्याही राज्याला विचारता आले पाहिजेत. परक्या राज्याला विचारायला तुरुंगात जावे लागले. आपल्या राज्यात ते ग्रामसभेत उभे राहून विचारता येतात. हा फरक लहान नाही. त्यासाठी कुणीतरी जुलैच्या पावसात विळा घेऊन रानात गेले होते.

परवा पुन्हा त्याच रस्त्याने गेलो. पाट्या तशाच आहेत, 'इजारा' शब्द तसाच आहे. रस्त्याच्या कडेला गवत वाढले होते, दोन बायका निवांत ते कापत होत्या. भारे बांधून झाले, एकमेकींच्या डोक्यावर ठेवले आणि त्या घराकडे चालू लागल्या. त्यांना कुणी पास विचारला नाही. बस पुढे निघाली आणि मला त्या म्हाताऱ्या गुराख्याचा खणखणीत आवाज आठवला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)